विहीर सापडते, विहिरीतला मासा सापडत नाही

गेल्या चैत्रात इचलकरंजीहून आत्याचा निरोप आला. आत्या टाइप करत नाही, फोनमध्ये बोलून ठेवते. "अगं, त्या विहिरीतल्या माशाचं लिहिलं होतंस बघ तू. भाकरी टाकली की वर यायचा तो. नातसून म्हणतीय, मासा कुठं हाकेला येतोय होय! तिला वाचून दाखवायचंय. पाठव की जरा."

पाच मिनिटांत पाठवते, असं मी कळवून टाकलं. लेख माझा, संकेतस्थळ माझं, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात शोधायची चौकटही होती. चौकटीत 'विहीर' लिहिलं. नऊ लेख आले, त्यात मासा नव्हता. 'मासा' लिहिलं. चार लेख आले, त्यातल्या एकातही विहीर नव्हती. 'भाकरी' लिहिल्यावर मात्र पानंच्या पानं आली. आपण आयुष्यात किती वेळा भाकरीवर लिहिलंय हे पाहून मला थोडी लाजच वाटली. लेख काही मिळाला नाही.

रात्री जेवणं झाल्यावर २००८ पासूनचे महिने एकेक करून उघडत बसले. सव्वासहाशे लेख आहेत. २०११ च्या पावसाळ्यापर्यंत पोचले आणि झोप लागली. दुसऱ्या दिवशी आत्याला कळवलं, "शोधतेय." ती म्हणाली, "शोध शोध. घाई नाही." ऐंशी ओलांडलेल्या माणसाने घाई नाही म्हटलं की घाई आहे असं समजावं.

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. तीसेक वर्षं लोकांची प्रूफं वाचतेय. पहिली वेलांटी की दुसरी, उकार ऱ्हस्व की दीर्घ, यावर पोट भरलं. पुस्तकांच्या शेवटच्या सूचीही मी पुष्कळ केल्या: व्यक्तिनामं, स्थळनामं, कुठल्या पानावर काय. मराठी पुस्तकांना सूची फार कमी असते. करून दिली तरी छपाईच्या वेळी शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र छापायच्या पानांचा गठ्ठा, वाचवायचा म्हणून पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. हा माझा जुना राग आहे आणि तो इथे काढून घेतला. सांगायचं कारण एवढंच, की आपल्या स्वतःच्या लिखाणाला सूची नाही हे मला अठरा वर्षांत जाणवलं नव्हतं, आणि ते जाणवलं तेव्हा मला वाटलं की हे तर आपलंच काम आहे.

संगणकाची बाजू भाच्याने उचलली. तो बंगळुरूला नोकरी करतो, शनिवारी त्याला वेळ असतो. त्याने आधी एक तयार, फुकट मिळणारं शोधाचं साधन बसवलं. अशी साधनं आतून अगदी पुस्तकाच्या सूचीसारखी असतात. सगळे लेख एकदा वाचून काढायचे, त्यातले शब्द सुटे करायचे आणि प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या लेखात आहे ते लिहून ठेवायचं. कुणी शब्द विचारला की लेख चाळायचे नाहीत, सूची चाळायची. मला हे एका वाक्यात समजलं म्हणून भाच्याला माझं कौतुक वाटलं. मला नाही वाटलं. पाच बोटांना शाई लावून हेच करत आलेय मी.

साधन बसवलं, 'विहीर' लिहिलं. उत्तर: शून्य. 'भाकरी': शून्य. इंग्रजीत एखादा शब्द आला असेल तर तो लगेच सापडे. मराठी एकही नाही.

दोन तासांनी त्याचा फोन. "मावशी, सापडलं काय होतंय ते. शब्द सुटा केल्यावर त्याच्या कडेचे स्वल्पविराम, अवतरणचिन्हं वगैरे पुसायची असतात. ते पुसताना हे साधन असं समजतं की ए ते झेड, शून्य ते नऊ आणि खालची रेघ, एवढ्यालाच अक्षर म्हणायचं. बाकी सगळा कचरा."

"म्हणजे?"

"म्हणजे अख्खा शब्दच कचरा. दोन्ही कडांनी पुसत येतं आणि मधे काही उरतच नाही."

जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत 'शब्दातलं अक्षर' या खुणेचा अर्थ मुळातच एवढा अरुंद आहे. त्या साधनाने कुणाशी दावा धरला नव्हता. ज्याने लिहिलं त्याच्या मनात तेव्हा इंग्रजी होती, इतकंच.

मग भाच्याने खूण बदलली. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठीच्या लिप्यांच्या जागतिक यादीत, वेगवेगळ्या लिप्यांमधली अक्षरं 'अक्षर' म्हणून नोंदलेली आहेत, तेवढी घ्या असं सांगितलं. आता निकाल येऊ लागले, पण काय निकाल! 'विहिरीत'चं झालं व, ह, र आणि त. चार वेगळे शब्द. कारण युनिकोडच्या हिशोबात व हे अक्षर आहे, पण वेलांटी हे अक्षर नाही, ती 'चिन्ह' या वर्गात मोडते. काना, मात्रा, उकार, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळी चिन्हं. यंत्राने सांगितल्याप्रमाणे फक्त अक्षरं घेतली आणि चिन्ह दिसलं की शब्द संपला असं धरलं. लहानपणी आपण काना-मात्रा-वेलांटी नसलेली वाक्यं रचायचा खेळ खेळायचो, तसा सगळा ब्लॉग त्या खेळात सामील झाला होता. अक्षरांबरोबर चिन्हंही घे, असं सांगितल्यावर शब्द जागेवर आले.

आता 'विहीर' लिहिल्यावर ज्या शब्दांची सुरुवात 'विहीर' अशी आहे ते सगळे शब्द हे साधन शोधू लागलं. म्हणजे शब्दाच्या पुढे प्रत्यय लागला तरी चालेल. भाच्याचं म्हणणं, मराठीला एवढं पुरेल, कारण आपले प्रत्यय शब्दाच्या शेपटीलाच लागतात. मलाही पटलं. 'कोल्हापूर' घालून पाहिलं. मी आयुष्यातली पहिली बावीस वर्षं कोल्हापूर जिल्ह्यात काढली, त्यावर शंभरएक लेख तरी असतील. आले एकवीस.

बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले आणि मग माझ्याच लक्षात आलं. मी 'कोल्हापुरात' असं लिहिते. पु ऱ्हस्व. नियमच तसा आहे: शब्दाच्या शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल तर प्रत्यय लागताना ते ऱ्हस्व होतं. वकील, वकिलाला. गरीब, गरिबाचा. सून, सुनेला. विहीर, विहिरीत. हा नियम मी हजारो पानांवर लाल शाईने लावला आहे. आणि 'कोल्हापुरात'ची सुरुवात 'कोल्हापूर'ने होत नाही. 'विहिरीत'ची सुरुवात 'विहीर'ने होत नाही. माझ्या संकेतस्थळावर एक पाहुणा लेख आहे, तो मी तपासला नव्हता, त्यात 'कोल्हापूरात' असं दहादा आलंय. तो लेख अगदी वरच्या क्रमांकावर झळकत होता.

चुकीचं लिहिणारा सापडत होता. बरोबर लिहिणारी मी माझ्याच घरात हरवले होते.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मी नाही हसले. त्या रात्री मी 'विहीरीत' असं मुद्दाम चुकीचं टाइप करून बघितलं आणि कुणी बघत तर नाही ना म्हणून दाराकडे पाहिलं.

उपाय सोपा निघाला, पण तो मला गिळायला जड गेला. सूची करताना ऱ्हस्व-दीर्घ भेदच पुसून टाकायचा. दिसायला लेख जसाच्या तसा राहतो, फक्त आतल्या सूचीत सगळ्या वेलांट्या पहिल्या आणि सगळे उकार पहिले. शोधणाऱ्याने काहीही लिहिलं तरी त्याचंही तसंच करायचं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत, आणि त्या लिपीत लोकांनी शतकानुशतकं जमाखर्च, सनदा, पत्रं लिहिली. त्यांचं अडलं नाही. मी मनाची समजूत घातली की सूची मोडीत आहे आणि लेख बाळबोधीत.

इथपर्यंत सगळं डोळ्यांना दिसणारं होतं. पुढचं दिसत नव्हतं, आणि प्रूफं वाचणाऱ्या बाईला न दिसणारी चूक म्हणजे काय वाटतं ते कसं सांगू.

'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' या शब्दांत जो र येतो तो रफार नव्हे. मराठीत त्या दोन 'र'मध्ये अर्थाचा फरक पडतो. आचार्यांना बोलावलं तर प्रवचन होतं आणि आचाऱ्यांना बोलावलं तर जेवण. हा र संगणकावर दोन तऱ्हांनी उमटवता येतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी तऱ्हा, साधा र घ्यायचा, पाय मोडायचा आणि पुढे एक अदृश्य जोडखूण टाकायची, जिला स्वतःची जागा नाही, रूप नाही. दोन्ही तऱ्हा कागदावर आणि पडद्यावर हुबेहूब सारख्या. माझ्याकडे २०१४ पर्यंत एक कळफलक होता, नंतर दुसरा आला, मग फोन. म्हणजे माझ्या 'दुसऱ्या'ची दोन रूपं गेली कित्येक वर्षं एकाच पानावर शेजारी शेजारी बसली होती आणि मी, एक अनुस्वार चुकला तर झोप न येणारी, त्यांच्यावरून शेकडो वेळा नजर फिरवली होती.

भाच्याने सरळ उपाय केला: अदृश्य खुणा सगळ्या उडवून टाकल्या. दुसऱ्या दिवशी मी 'दर्या' शोधलं, हर्णेच्या समुद्रावरचा लेख हवा होता, तर निकालात सह्याद्रीच्या दऱ्या आल्या. कारण जुन्या पद्धतीने लिहिलेल्या 'दऱ्या'मधून ती अदृश्य खूण काढली की खाली उरतो तो 'दर्या'च. सगळा घाट समुद्रात बुडाला. म्हणून आधी जुन्या पद्धतीच्या र ला नव्या पद्धतीचा करायचा आणि मगच खुणा उडवायच्या. क्रम चुकला की अर्थ चुकला. हे आमच्या धंद्यातही असतं. परिच्छेद नीट न लावता आधी पानं पाडली की सगळं परत करावं लागतं.

'ॲ'ची तऱ्हा आणखी वेगळी. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी ज्याला 'ॲसिडिटी' लिहायचं त्याने अ वर चंद्र ठेवला, कुणी हिंदीतला ए वर चंद्र असलेला स्वर वापरला, कुणी मधे ती अदृश्य खूण घातली. माझ्या लिखाणात चारही पद्धती सापडल्या. बँकेचंही तसंच: कुणी चंद्रबिंदू देतं, कुणी चंद्र देऊन वर वेगळा अनुस्वार. ही सगळी यादी मी एका पाठकोऱ्या कागदावर केली, भाच्याने ती यंत्राला शिकवली. हे काम मला मनापासून आवडलं. हे शुद्धलेखन नव्हतं, ही नुसती साफसफाई होती. पितळी भांडी घासण्यासारखी.

मग प्रत्यय.

'स, ला, ते. स, ला, ना, ते', हे आपण सगळ्यांनी शाळेत डोलत डोलत पाठ केलंय. भाच्यालाही ते आठवत होतं, त्याने ते तसंच यंत्राला दिलं. शब्दाच्या शेवटी यातलं काही दिसलं की छाट. त्यात शब्दयोगी अव्ययं घातली: वर, खाली, कडे, साठी, पासून, मुळे, जवळ. इंग्रजीसाठी असे शेपटं छाटायचे नियम मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली प्रसिद्ध केले आणि ते आजही वापरात आहेत. पण इंग्रजी शब्दाच्या शेपटीला एखादा डबा लागतो, आपल्याकडे मालगाडी. 'विहिरीजवळच्यांनासुद्धा' हा एक शब्द आहे, आणि तो बोलताना कुणालाही दम लागत नाही.

यंत्र छाटायला लागलं आणि पहिला बळी मीच. 'मावशी' या शब्दाला शेवटी 'शी' आहे, तृतीयेचा प्रत्यय, म्हणून त्याने मला 'माव' केलं. काशीची 'का' झाली. 'वाचा'चं 'वा'. 'अकोला'मधला 'ला' गेला आणि 'अको' उरलं, त्यामुळे अकोल्याला गेल्याचं सापडे, अकोला सापडेना. सर्वांत वाईट अवस्था लाकडांची. 'लाकडे'मधून 'कडे' गेलं, उरला 'ला', तोही प्रत्यय म्हणून गेला. राखसुद्धा उरली नाही.

भाच्याने मग बंधनं घातली. छाटल्यावर निदान दोन व्यंजनं उरली पाहिजेत. एकदाच छाटायचं, लांबातलं लांब शेपूट आधी. तरी 'मावशी'चं 'माव' राहिलंच, त्यात दोन व्यंजनं आहेत. शेवटी अपवादांची वही करावी लागली. पहिल्या पानावर मी माझं नातं लिहिलं.

पण प्रत्यय छाटून भागत नाही. खरी गंमत प्रत्ययाच्या आधी शब्दाला जे होतं त्यात आहे, सामान्यरूपात. घराला नुसता काना लागतो, पण पाणीचं पाण्या होतं, देऊळचं देवळा, पाऊसचा पावसा, लाडूचा लाडवा, गहूचा गव्हा. ऊन असतं तोवर ऊन, 'उन्हात' गेलं की त्याला कुठूनसा ह फुटतो. आपल्याला हे येतं म्हणून त्यात काही आहे असं वाटत नाही. मराठी शिकणारी परकी माणसं इथे येऊन बसकण मारतात आणि यंत्रही मारतं. शेवटचा स्वर कापून टाकायचा असा नियम केला तर आंबा, आंबे, आंब्याचा सगळे एका ठिकाणी येतात, हे छान. पण त्याच नियमाने काठ आणि काठी एक होतात. दार आणि दारू एक होतात. मी आमच्या जुन्या घराच्या दारावर एक लेख लिहिलाय, जरा हळवाच आहे. 'दार' शोधल्यावर त्याच्या वर गावातल्या दारूबंदीच्या सभेचं वर्णन आलं.

यावर भाच्याकडे एक तोडगा होता, तोच पुढे सगळीकडे वापरला. शोधणाऱ्याने लिहिलेलं रूप जसंच्या तसं जिथे आहे ते सगळ्यात वर. मग ऱ्हस्व-दीर्घ सोडून जुळतं ते. मग छाटून जुळतं ते, अगदी खाली. दार वर, दारू तळाशी. नैतिकदृष्ट्याही ठीक.

दुसरं म्हणजे दुर्मीळ शब्दाला जास्त वजन. हे १९७२ साली केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी मांडलं. जो शब्द सगळ्याच कागदांत आहे तो शोधाच्या दृष्टीने कवडीमोल, जो थोड्याच कागदांत आहे तोच काही सांगतो. 'आहे' माझ्या सगळ्या लेखांत आहे, म्हणून त्याला किंमत नाही. माझ्या बाबतीत 'भाकरी'लाही फार नाही हे त्या आकड्यांनी मला शांतपणे दाखवलं.

जून लागला. भाचा कामात अडकला आणि मी एकटीच पुढे गेले, माझ्या पद्धतीने. जगातल्या सगळ्या मराठीचे नियम मला करायचेच नव्हते. मला फक्त माझ्या लेखांतले शब्द हवे होते आणि ते मोजून संपणारे होते. भाच्याने यंत्राकडून यादी काढून दिली होती: एकूण साडेपाच लाखांच्या आसपास शब्द, त्यातली वेगवेगळी रूपं चौसष्ट हजार. यंत्राने त्यांचे गठ्ठे बांधले, आणि जिथे त्याला शंका होती असे चार हजारांवर गठ्ठे माझ्यापुढे टाकले. रोज रात्री शंभर. गॅलरीत पाऊस, हातात चहा, आणि पुढ्यात 'वाळू, वाळूत, वाळूवर, वाळा, वाळ्याचं'. वाळा वेगळा काढ. 'नाव, नावात, नावाचा, नावेत'. नावेतला वेगळा काढ, तो होडीतला आहे. 'केलं' आणि 'केले' एकत्र बांध. तेवढं करून क्रियापदं मी सोडून दिली. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात 'गेला' शोधायचा तर 'जाणें'पाशी जावं लागतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. पण माणसं शोधताना नामं लिहितात, 'गेलो होतो' असं कुणी शोधत नाही. शोधलं तर त्याला काय हवंय ते यंत्रालाच काय, मलाही सांगता येणार नाही.

आपल्याच शब्दांची यादी वाचणं बरं नसतं. मी 'अलगद' किती वेळा वापरलंय ते कुणाला सांगणार नाही. 'विहीर'ची तेवीस रूपं निघाली. 'माहेर'ची विहिरीहून कमी. 'आजी'ची होती तितकीच 'आजोबा'ची असतील असं वाटलं होतं, पण आजोबा निम्म्यानेही नव्हते. मग आठवलं, आजोबा वेगळ्या लिपीत आहेत. म्हणजे लिपी हीच, लेखन वेगळं.

आजोबांची १९४० च्या दशकातली एक वही मी काही वर्षांपूर्वी जशीच्या तशी टंकून ठेवली होती. शेतीचा खर्च, पाऊस, कोण आलं, कोण गेलं. त्यांच्या वेळचं लेखन म्हणजे अनुस्वारांची पेरणी. 'नांव', 'गांव', 'पांच', 'कांहीं', 'विहिरींत पाणी नाहीं'. उच्चारात नसलेले हे अनुस्वार व्युत्पत्तीवरून द्यायचे असत. १९६२ च्या नियमांनी ते काढून टाकले. साहित्य महामंडळाने तेव्हा चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये चार वाढवले, त्या चौदांतल्या चौथ्या नियमात हे टिंब गेलं. माझ्या पिढीने ते कधी लिहिलं नाही. त्यामुळे मी 'गाव' शोधलं की आजोबांचं 'गांव' येत नव्हतं. एका टिंबाने एक माणूस पलीकडे राहिला होता.

सगळे अनुस्वार पुसून टाकणं शक्य नव्हतं. रंगाचा रग होतो, अंगाचा अग. शिवाय आज 'घरात' म्हणजे एका घरात आणि 'घरांत' म्हणजे अनेक घरांत. आजोबांच्या 'घरांत'मध्ये घर एकच होतं. शेवटी त्या वहीतल्या टिंबवाल्या शब्दांची निराळी यादी केली, तीनशे चाळीस निघाले, आणि प्रत्येकाला आजचं रूप हाताने जोडलं. याला दोन रात्री गेल्या. भाच्याने विचारलं, "हे आपोआप करता आलं असतं ना?" आलं असतं. पण मला आजोबांचं प्रूफ कधी वाचायला मिळालं नव्हतं. एकही टिंब न काढता वाचलं.

बाकीचं झटपट सांगते. ही सूची वाचणाऱ्याच्या फोनवर उतरते आणि शोध तिथेच होतो, माझ्याकडे काही विचारायला येत नाही. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात, 'विहिरीत'ला एकवीस, म्हणून ती फुगली. भाच्याने तिचे आद्याक्षरावर तुकडे पाडले, लागेल तो तुकडाच उतरतो. फोनवर निम्मे लोक मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करतात, त्यांच्यासाठीही एक तक्ता केला. तो अजून 'पोळी' आणि 'पोली'त घोळ घालतो. आणि २००८ च्या आधीचे, जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले चाळीस लेख, जे नव्या संगणकावर उघडले की निव्वळ रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो, ते अजून सूचीत नाहीत. येतील.

गणपतीच्या आदल्या रविवारी नवी चौकट लावली. 'विहीर' आणि 'मासा' असे दोन शब्द घातले. मासाचं सामान्यरूप 'माशा', स चा श होतो, हा नियम अगदी शेवटी घातला होता. त्याचा एक तोटा आहे. पावसाळ्यात घोंगावतात त्याही माशाच. म्हणून निकालात आधी माश्यांवरचा, म्हणजे घरात शिरणाऱ्या माश्यांवरचा, एक वैतागलेला लेख दिसला. त्याच्या खाली तो होता.

तो माशावरचा लेख नव्हताच. भारनियमनावरचा होता, २०१२ चा. रात्री वीज येते आणि शेतकऱ्याला मोटर चालू करायला उठावं लागतं, असं सगळं रागारागाने लिहिलेलं. मधे एकच परिच्छेद होता: आमच्या विहिरीत आजोबांनी मासे सोडले होते, त्या माशांना भाकरीचा तुकडा दाखवला की ते वर यायचे, मोटर बसली आणि ते यायचे बंद झाले. 'विहीर' हा शब्द त्यात सुट्या रूपात कुठेच नव्हता. 'मासा'ही नव्हता. मी पाच महिने जो शब्द शोधत होते तो मी लिहिलाच नव्हता.

आत्याला फोन केला आणि परिच्छेद वाचून दाखवला. पलीकडे नातसूनही ऐकत होती. वाचून झाल्यावर आत्या गप्प. मग म्हणाली, "मासे कुठले? एकच होता तो."

"एकच?"

"एकच. मोठा. आणि आमच्या विहिरीत नव्हता गं बाई, आमच्या विहिरीत कासव होतं. मासा मळ्यातल्या काकांच्या विहिरीत. आणि आजोबांनी नाही सोडला, मी सोडला. पंचगंगेच्या पुरात आलेला, घागरीतनं नेला मी."

"मग तू मला तेव्हा का नाही सांगितलंस? वाचला होतास ना लेख?"

"वाचला होता की. वाटलं, एवढं शिकलेली पोरगी, तिनं काहीतरी बघूनच लिहिलं असेल."

मूळ लेखाला मी हात लावला नाही. खाली चार ओळी जोडल्या, पुस्तकात शेवटी चिकटवतात तशा, आणि त्यांना 'शुद्धिपत्र' असं नाव दिलं. त्यात विहीर, मासा, कासव आणि घागर हे चारही शब्द सुटे लिहिले आहेत, प्रत्यय न लावता.